बालवाडीतली वही: आधी काय आखायचं, नंतर काय लिहायचं

चार वर्षांच्या एकाच मुलाबद्दलच्या या दोन नोंदी बघा.

पहिली: ‘गणनपूर्व तयारी चांगली आहे. वर्गात लक्ष देतो.’

दुसरी: ‘बुधवार, सकाळ. समीरने चिंचोक्यांची रांग लावली. एकेकावर बोट ठेवत सातपर्यंत मोजले, एकही सुटला नाही. “किती झाले?” विचारल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. परत विचारलं, परत मोजले.’

समीर काल्पनिक आहे, पण असा एखादा समीर कुठल्याही अंगणवाडीत सापडेल. पहिली नोंद वाचून मुख्यसेविका (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका) सही करतील आणि पुढच्या रजिस्टरकडे वळतील. ताईंना मात्र त्यातून उद्या समीरसोबत काय करायचं याचा पत्ता लागत नाही. दुसरीतून लागतो. मोजणं ही बाहेरून एकच दिसणारी गोष्ट आतून तीन-चार गोष्टींची बनलेली असते. आकड्यांची नावं ठरलेल्या क्रमाने म्हणता यायला हवीत. एका वस्तूला एकच आकडा मिळायला हवा. आणि शेवटी जो आकडा तोंडातून आला तोच सगळ्यांचा मिळून आकडा, हे उमगायला हवं. गेलमन आणि गॅलिस्टेल या संशोधकांनी १९७८ साली ही फोड नीट मांडली आणि तेव्हापासून लहान मुलांच्या गणिताबद्दल बोलणारे सगळेच ती वापरतात. समीरला पहिल्या दोन जमल्यात, तिसरी जमायची आहे. म्हणून तो ‘किती?’ या प्रश्नाचं उत्तर ‘सात’ असं न देता मोजण्याची अख्खी कृतीच करून दाखवतो.

आता उद्याचं नियोजन आपोआप समोर येतं. आपल्याकडची नेहमीची सवय अशी की सात येतात ना, मग आता दहा घ्या, मग वीस घ्या. समीरला त्याचा काही उपयोग नाही. त्याला भातुकलीत बसवायचं आणि सांगायचं, ‘चार पाहुणे आलेत, चार वाट्या आण.’ मोजून दाखवायला सांगायचं नाही, मोजून आणायला सांगायचं. दोनपासून सुरुवात करायची, कारण लहान संख्येत ही गोष्ट आधी पकडीत येते. आणि वाट्या आल्यावर ताईंनी सहज म्हणायचं, ‘एक, दोन, तीन, चार. चार वाट्या.’ शेवटचा शब्द पुन्हा, संख्येसकट.

बालशिक्षणातलं नियोजन आणि नोंद यांचं नातं एवढंच आहे. आजची नोंद उद्याच्या नियोजनात उतरली पाहिजे. जी उतरत नाही ती कितीही सुवाच्य असली तरी फाइलची धन. पुढचा सगळा लेख याच एका गोष्टीभोवती आहे: हे उतरणं कसं घडतं, कुठे अडतं आणि कागदाच्या ढिगाखाली ते कसं गुदमरतं.

मोठ्या मुलांच्या बाबतीत आपण परीक्षा घेतो. मूल प्रश्न वाचतं, उत्तर लिहितं, आपण गुण देतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला हे लागू होत नाही, आणि त्याचं कारण फक्त त्याला लिहिता येत नाही एवढंच नाही. या वयाचं मूल ‘मला आता तपासत आहेत’ अशा प्रसंगात वेगळंच वागतं. अनोळखी बाई समोर बसून ‘हा रंग कोणता?’ विचारायला लागल्या की घरी दिवसभर लाल-पिवळं करणारं मूल गप्प बसतं. शिवाय हे वय झपाट्याने बदलण्याचं. सोमवारी जे जमलं नाही ते शुक्रवारी जमतं, आणि शुक्रवारी जमलेलं तापातून उठल्यावर पुन्हा अडतं. शितावरून भाताची परीक्षा होते, एका सकाळवरून मुलाची होत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा सलग एक टप्पा मानला, त्याला पायाभूत स्तर म्हटलं. म्हणजे अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात मूल्यमापनाबद्दल अगदी स्वच्छ भूमिका आहे: या स्तरावर उघड चाचण्या आणि परीक्षा हे साधन पूर्णपणे अयोग्य आहे. मुलाचं निरीक्षण करा आणि मुलाने केलेल्या वस्तूंचा, चित्रांचा, कामाचा अभ्यास करा, या दोन वाटा त्यात सांगितल्या आहेत. तरीही ज्युनियर केजीच्या ‘युनिट टेस्ट’ घेणाऱ्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या प्रवेशासाठी ‘इंटरॲक्शन’ ठेवणाऱ्या शाळा आपल्या आसपास आहेत. त्यांना हा आराखडा माहीत नसेल असं नाही. पालकांना आकड्यातला निकाल आवडतो, हे त्यांना जास्त चांगलं माहीत आहे.

आता नियोजनाकडे येऊ. वर्षाचं, महिन्याचं, आठवड्याचं आणि दिवसाचं असं ते उतरत जातं. वर्षाच्या आराखड्याबद्दल फार डोकं खाजवायची गरज नसते, तो बहुतेक वेळा वरून आलेला असतो. अंगणवाड्यांसाठी महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये ‘आधारशिला’ नावाचा अभ्यासक्रम आणला, त्यात वर्षाचे ४८ आठवडे धरले आहेत. पहिले चार आठवडे मुलांना रुळू देण्याचे, मधले ३६ शिकण्याचे आणि शेवटचे आठ उजळणीचे. पहिल्या चार आठवड्यांचा हा विचार मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. जूनमध्ये दारात रडत उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या मुलीचं त्या महिन्याचं शिकणं म्हणजे आई गेली तरी परत येते हे कळणं. त्या महिन्यात तिच्याकडून ‘अ अननसाचा’ची अपेक्षा धरणं म्हणजे दोघींचा छळ. महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांना ‘आकार’ हा राज्याचा अभ्यासक्रमही ओळखीचा आहे. त्यातले विषय, म्हणजे माझं कुटुंब, पाणी, प्राणी, भाज्या, सण, वाहनं, कुठल्याही बालवाडीत थोड्याफार फरकाने असतातच.

खरं काम आठवड्याच्या पानावर असतं. समजा विषय आहे भाज्या. नवीन ताई बहुतेक वेळा असं लिहितात: सोमवारी भाज्यांची नावं, मंगळवारी भाज्यांचं गाणं, बुधवारी भाज्यांचं चित्र रंगवणे, गुरुवारी भाज्यांची गोष्ट. चारही दिवस मुलं बसूनच. आणि सगळं ताईंनी सुरू केलेलं. अनुभवी ताईंच्या आठवड्यात गाणं-गोष्ट असतेच, पण एक दिवस खऱ्या भाज्या येतात. घेवड्याच्या शेंगा सोलायला दिल्या की बोटांचा व्यायाम होतो, म्हणजे पुढे पेन्सिल धरणाऱ्या बोटांची तयारी. शेंगेत किती दाणे निघाले हे मोजलं जातं, ‘माझ्यात पाच, तुझ्यात तीनच’ ही तुलना मुलं न सांगता करतात. टरफलं आणि दाणे वेगळे करणं हे वर्गीकरण. किडकी शेंग सापडली की अख्खा वर्ग तिच्याभोवती जमतो आणि आळीवर पाच मिनिटं गप्पा होतात. ती गप्पा नियोजनात नव्हती. ती होऊ देणं हेच चांगलं नियोजन.

दिवसाच्या आखणीत फक्त चार जोड्या सांभाळल्या की बरंच साधतं. थोडं आत, थोडं बाहेर. धावपळीनंतर शांत काम, शांत कामानंतर हालचाल. कधी सगळे गोलात, कधी चार-पाच जण. आणि काही वेळ ताईंनी ठरवलेलं, काही वेळ मुलांनी निवडलेलं. या शेवटच्या जोडीतली दुसरी बाजू आपल्याकडे नेहमी मार खाते. मुक्त खेळ म्हणजे ताईंची सुट्टी किंवा खाऊ शिजेपर्यंतचा वेळ, असा समज पक्का आहे. पण मुलाला काय येतं, काय कळलं आणि कशात रस आहे, हे सगळ्यात जास्त दिसतं ते तिथेच. गोलात बसून एकत्र ‘हो बाई’ म्हणणाऱ्या मुलांकडून ते कळत नाही.

अंगणवाडीची आणखी एक अडचण केजीच्या शिक्षिकांना नसते: एकाच खोलीत तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं. तीन नियोजनं लिहायला गेलात तर वेडं व्हायची वेळ येईल. त्यापेक्षा साहित्य एक ठेवा आणि अपेक्षा तीन. त्याच शेंगांमध्ये तीन वर्षांच्या मुलाने शेंग उघडली तरी पुष्कळ. चार वर्षांच्याने दाणे मोजावेत. पाच वर्षांच्या मुलीने सगळ्यांत जास्त दाण्यांची शेंग कोणाची हे शोधावं, आणि फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे तेवढे ठिपके काढावेत. नियोजनाच्या पानावर या तीन अपेक्षा तीन ओळींत मावतात.

त्याच पानावर बहुतेकांच्या नमुन्यात नसलेला एक रकाना हवा: ‘आज कोणाकडे बघणार?’

कारण सगळ्यांकडे बघायचं ठरवलं की कोणाकडेच बघितलं जात नाही. पंचवीस मुलं असतील तर रोज पाच ठरवा. आठवड्याच्या पाच दिवसांत प्रत्येकावर एकदा नीट नजर जाते. असं ठरवलं नाही तर काय होतं हे महिन्याभराची वही उलटून बघितलं की कळतं. दंगा करणारे तिघे आणि गाणी म्हणणाऱ्या दोघी यांच्याच नोंदी पानोपानी असतात, आणि भिंतीला टेकून शांत बसणारी, कुणाला त्रास न देणारी सात-आठ मुलं वहीत नसतातच. त्यांच्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘चांगली आहे हो, शांत आहे.’

नोंद कधी लिहायची? मुलं समोर असताना वही उघडून बसलात तर मुलं वहीकडे बघतात, आणि तुमची त्यांच्यावरची नजर हटते. पदराला किंवा ओढणीला अडकवलेली एक छोटी चिठ्ठ्यांची वही आणि पेन्सिल पुरते. दोन-तीन शब्द टिपायचे: ‘समीर – सात – किती? – परत’. मुलं घरी गेल्यावर दहा मिनिटांत त्याचं वाक्य करायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की ‘परत’ म्हणजे काय हेच आठवत नाही. मुलाचे शब्द मात्र जसेच्या तसे लिहायचे. ‘पाऊस ढगांना लागलेली सू आहे’ असं कोणी म्हणालं तर तेच लिहायचं, ‘पावसाबद्दल विचार मांडला’ असं नाही. पहिल्या वाक्यात मुलाची सगळी उपपत्ती आहे: पाणी आत साठतं, मग धरवत नाही, मग खाली येतं. दुसऱ्यात काहीच नाही.

यात घरची भाषाही आली. वारली, गोंडी, कोरकू, पावरी, अहिराणी बोलणाऱ्या घरातलं मूल वर्गात मराठीत दोन शब्द बोलत असेल आणि मैत्रिणीशी स्वतःच्या भाषेत पूर्ण गोष्ट सांगत असेल, तर ‘भाषा विकास – कमी’ ही नोंद खोटी आहे. तिथे लिहायचं ते असं: घरच्या भाषेत मोठी वाक्यं जोडते, मराठीत अजून एकेक शब्द. यातून पुढचं नियोजनही वेगळं निघतं. मुलीला बोलायला शिकवायचं नाहीये, तिला एक दुसरी भाषा द्यायची आहे. मदतनीस ताई त्याच पाड्यावरच्या असतील तर या नोंदीत त्यांची मदत फार मोलाची, कारण मुलं आपसात काय बोलतात ते त्यांनाच कळतं.

नोंदीत काय नको हे सांगणं सोपं आहे: विशेषणं. हुशार, मंद, खोडकर, हट्टी, चुणचुणीत. यातला प्रत्येक शब्द म्हणजे आपला निकाल आहे, दिसलेली गोष्ट नाही. ‘हट्टी आहे’ असं लिहिण्याऐवजी ‘ठोकळे आवरायला सांगितल्यावर दोन्ही हातांनी मनोरा धरून बसला, “पडेल” म्हणाला’ असं लिहिलं की चित्र बदलतं. त्याला आपलं अर्धवट काम मोडायचं नव्हतं. मग उपाय साधा निघतो: मनोरा एका कोपऱ्यात उद्यापर्यंत राहू द्यायचा. चांगली विशेषणंसुद्धा तितकीच निरुपयोगी. ‘हुशार’ मुलाला उद्या काय द्यायचं हे त्या शब्दातून कळत नाही.

आता आराखड्यात सांगितलेली दुसरी वाट, मुलांचं काम. आधी तारीख टाका. तारीख नसलेलं चित्र म्हणजे रद्दी, कारण चित्राची गंमत त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रात असते. तीन वर्षांचं मूल बहुधा रेघोट्या मारतं आणि मग त्यांना नाव देतं, ‘ही आजी’. काही महिन्यांनी एक मोठा गोल येतो, त्यात दोन डोळे, आणि पाय थेट डोक्याला लागलेले. जगभरातली मुलं या टप्प्यातून जातात, घाबरायचं कारण नाही, पोट नंतर येतं. मग हात येतात, बोटं येतात (कधी सात, कधी अकरा), जमिनीची रेघ येते आणि तिच्यावर घर उभं राहतं. जून, ऑक्टोबर आणि मार्चमधली तीन चित्रं शेजारी ठेवली तर वर्षभराची प्रगती कोणालाही दिसते, निरक्षर आजीलाही. चित्राच्या मागे मूल चित्राबद्दल काय म्हणालं ते एका ओळीत लिहायचं. चित्रावर नाही. ते त्याचं आहे.

छापील सफरचंदात लाल रंग भरलेले पंचवीस एकसारखे कागद मात्र फाइलला लावू नका. त्यातून मुलाने रेषेच्या आत रंग भरला की नाही एवढंच कळतं. आणि स्नेहसंमेलनाच्या आधी ताईंनीच रात्री जागून बनवलेले ‘मुलांचे’ कागदी मोर, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे असं कोणाला वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरवली. आज देशभर वापरला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातून आला. पुढे १९५७ मध्ये त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली मुलं दिवसा गुरं चारायला जात. शाळा कुरणात गेली. मूल कुठे आहे, काय करतंय, कशामुळे येत नाही हे आधी बघायचं आणि मग आखायचं. रकान्यांचा नमुना त्यांच्याकडे नसेल, क्रम मात्र हाच होता: निरीक्षण, मग नियोजन.

बाहेरच्या दोन जागांची नावं मात्र घ्यायलाच हवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरात लोरिस मालागुत्सी हे शिक्षक आणि तिथल्या पालकांनी उभ्या केलेल्या बालशाळांमध्ये मुलांचं बोलणं, चित्रं, छायाचित्रं भिंतीवर क्रमाने मांडतात. ती सजावट नसते. शिक्षिका एकत्र बसून त्यावर चर्चा करतात, मुलं नेमका कशाचा शोध घेत आहेत आणि आता पुढे काय द्यायचं. न्यूझीलंडने १९९६ मध्ये ‘ते फारिकी’ हा अभ्यासक्रम आणला आणि मार्गारेट कार या तिथल्या बालशिक्षण संशोधकांनी ‘शिकण्याच्या गोष्टी’ लिहिण्याची रीत रुजवली. तक्त्यात खुणा करण्याऐवजी शिक्षिका मुलालाच उद्देशून छोटं पत्र लिहिते: आज तू मातीचा बंधारा घातलास, पाणी बाजूने निघालं, तू दगड आणलास, तरी निघालं, मग तू ओला चिखल लावलास. शेवटी दोन ओळी, यात मला काय दिसलं आणि पुढे आपण काय करू शकतो. ते पत्र मुलाच्या फाइलमध्ये राहतं, घरी जातं, आजी वाचून दाखवते. मूल ते पुन्हा पुन्हा ऐकतं. यात मला आवडतं ते हे की चिकाटी, युक्ती, मदत मागणं अशा गोष्टी, ज्यांना तक्त्यात रकाना नसतो, त्या पत्रात आपोआप येतात. महिन्यात एका मुलाला असं एक पत्र मिळालं तरी खूप झालं.

पण इथे एक धोका आहे आणि तो आपल्याकडे सगळ्यात जास्त आहे. अंगणवाडी ताईंच्या टेबलावर आधीच हजेरी, आहार, वजन-उंची, लसीकरण, घरपोच आहार, गृहभेटी आणि सर्वेक्षण आहे. शिवाय मोबाइलवर पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप, तेही जिथे रेंज मिळेल तिथे उभं राहून भरायचं. त्यावर बालशिक्षणाची आणखी एक दणकट वही दिली तर काय होईल? शेवटच्या शनिवारी बसून पंचवीस मुलांसमोर एका दमात खुणा मारल्या जातील. त्यात ताईंचा दोष नाही. ज्या कागदाकडे नंतर कोणी बघत नाही तो माणूस तसाच भरतो. इंग्लंडमध्येही हेच झालं. एकेका मुलाच्या फायली फुगत गेल्या, फोटोंचे ढीग झाले, शिक्षक मुलांऐवजी टॅबलेटकडे बघू लागले. सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांत सरकारलाच म्हणावं लागलं की मूल्यमापनासाठी पुराव्यांचे ढीग जमवायची सक्ती नाही, शिक्षकाने आपल्या ओळखीवर आणि जाणकारीवर भर द्यावा.

तेव्हा कमी लिहा. समीरची नोंद चार-पाच ओळींची आहे. रोज ठरवलेल्या पाचांपैकी दोघांबद्दल लिहिण्यासारखं काही दिसलं तर दोनच नोंदी. प्रत्येक नोंदीखाली एक बाण काढून ‘उद्या काय’ लिहायचं. बाणापुढे लिहायला काही सुचत नसेल तर ती नोंद बहुधा विशेषणांची झाली आहे, पुन्हा वाचा. आणि मुख्यसेविकांनी वही तपासताना पानं मोजू नयेत, बाण वाचावेत आणि त्यातला एखादा नियोजनाच्या पानावर पोचला का ते बघावं. तपासणारा काय तपासतो यावर लिहिणारा काय लिहितो हे ठरतं.

फोटोंबद्दलही थोडं. व्हॉट्सॲप गटावर रोज वीस फोटो टाकणं याला दस्तऐवज म्हणत नाहीत. पोज देऊन उभ्या केलेल्या मुलांच्या फोटोतून शिकणं दिसत नाही, टिकली आणि नवा फ्रॉक दिसतो. फोटो काढायचाच तर हातांचा काढा, बंधाऱ्याचा काढा, अर्धवट मनोऱ्याचा काढा. आणि मुलांचे फोटो, माहिती ही त्यांची खासगी गोष्ट आहे. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या सर्वांना मूल मानतो आणि त्यांच्या डेटासाठी पालकांची संमती मागतो. बालवाडीच्या जाहिरातीत मुलांचे चेहरे छापणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं.

नोंदींचा एक उपयोग असा आहे की तो नियोजनाच्याही पलीकडे जातो. एका मुलीबद्दल महिन्याभरात तीन वेगवेगळ्या दिवशी लिहिलं गेलं: ‘मागून हाक मारली, वळली नाही.’ ‘गोष्टीच्या वेळी माझ्या तोंडाकडे टक लावून बघते.’ ‘इतर उठले की बघून उठते.’ सुटी सुटी वाचली तर किरकोळ वाटतील. एकत्र वाचली तर ताईंनी कानांची तपासणी सुचवायलाच हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्यापुढे या तीन ओळी ठेवल्या तर डॉक्टरांना नेमकं काय बघायचं ते कळतं. ताईंनी निदान करायचं नाही. ‘मुलगी बहिरी आहे’ किंवा ‘मतिमंद वाटते’ असं आईला सांगायचं तर मुळीच नाही. दिसलं ते तारखेसह लिहायचं, आणि ज्याचं काम त्याच्याकडे पाठवायचं. हेच त्या मुलीला वर्षभर ‘लक्ष देत नाही’ असं लिहून ठेवलं असतं तर?

पालकांशी बोलताना ही वही फार कामाला येते. ‘बाई, लिहायला कधी शिकवणार? शेजारच्याचा मुलगा एबीसीडी लिहितो’ हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतो. त्यावर बालमानसशास्त्राचं व्याख्यान दिलं की पालक मान डोलावतात आणि घरी जाऊन पाटी हातात देतात. त्याऐवजी शेंगा सोलतानाची नोंद, जून-ऑक्टोबरची चित्रं आणि चिमटीत धरलेल्या खडूचा एक फोटो समोर ठेवा. ‘जूनमध्ये मुठीत खडू धरायची, आता तीन बोटांत धरते. आता तिच्या हाताला लिहिणं पेलेल.’ हे पालकांना पटतं, कारण ते त्यांच्या मुलीबद्दल आहे. शिवाय त्यांना विचारा: घरी ती काय करते? धुणं वाळत घालताना चिमटे रंगाप्रमाणे लावते, असं आईने सांगितलं तर तीही नोंद, आईच्या नावाने.

शेवटचा टप्पा जूनमधला. मूल पहिलीत जातं आणि पहिलीच्या बाईंना त्याच्याबद्दल काहीच माहीत नसतं. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. मूल एकेका टेबलावर जाऊन उड्या मारतं, वस्तू मोजतं, चित्राबद्दल बोलतं, आणि त्याचं विकासपत्र भरलं जातं. कल्पना चांगली आहे, गावकरी आणि आया उत्साहाने येतात. पण ते एका दिवसाचं चित्र आहे, गर्दीतलं, फुग्यांमधलं. त्यासोबत अंगणवाडीतल्या नोंदींमधून काढलेलं एकच पान शाळेत गेलं पाहिजे. फाइल नको, ती कपाटात जाते. पानावर एवढंच: काय जमतं, कशात रमतो, काय चालू आहे आणि कशाने शांत होतो. समीरच्या पानावर असं काही असेल: ‘दहापर्यंत वस्तू मोजून आणतो, आता “किती?” विचारलं की एक आकडा सांगतो. अनोळखी लोकांसमोर बोलायला वेळ घेतो, कामात मदतीला बोलावलं की बोलतो. चिंचोके, ठोकळे, पाणी यांत तासभर रमतो. नाव लिहायला लागला आहे, स अजून उलटा येतो.’

पहिलीच्या बाईंनी हे पान वाचलं तर पहिल्या आठवड्यात समीरला फळ्यासमोर उभं न करता खडू वाटायला बोलावतील.